पंधरापैकी नऊ

आल्टमोस हे इंगोलश्टाटपासून पंचवीस मिनिटांवरचं गाव. एक चर्च, दोन बिअरगार्टन, गाड्यांचे सुटे भाग करणारे तीन कारखाने आणि एक आइस-स्टेडियम, एवढाच त्याचा पसारा. स्टेडियमला भिंती तीनच. चौथी बाजू बांधायची राहून गेली ती कायमचीच, त्यामुळे जानेवारीत आत बसणाऱ्यालाही बाहेर बसल्याचं पुरेपूर सुख मिळतं. तरी शुक्रवारी आणि रविवारी तिथे दोन हजार माणसं उभी असतात. तिसऱ्या दर्जाच्या लीगमधला का होईना, आइस हॉकीचा संघ गावाचा आहे.

सामन्याआधी निवेदक एकेका खेळाडूचा नंबर आणि पहिलं नाव पुकारतो. आडनाव लोकांनी ओरडायचं, अशी तिथली पद्धत. सत्तावीस नंबर आला की लाउडस्पीकरवरून "अनिमेऽऽश" असं यायचं, आणि दोन हजार बवेरियन घसे एका दमात गर्जायचे, "झाबनिस!"

आडनाव सबनीस. जर्मन जिभेनं त्याचं झाबनिस करून टाकलं होतं. अनिमेषचा बाप प्रताप सबनीस हा चिंचवडहून आलेला मेकॅनिकल इंजिनिअर. पंधरा वर्षं तो बँकेत, राटहाउसमध्ये म्हणजे नगरपालिकेत, डॉक्टरकडे हे आडनाव अक्षर अक्षर फोडून सांगत आला होता. मुलगा गावाच्या संघात गेला आणि प्रताप फोनवर स्वतःच "झाबनिस" म्हणायला लागला. कारण मग समोरचा विचारायचा, "तो सत्तावीस नंबरवाला तुमचा कोण?" या एका प्रश्नासाठी हा माणूस वाटेल ते करायला तयार झाला असता. झालाही, आणि कुंदाला, म्हणजे बायकोला, त्याचा पत्ता लागू दिला नाही.

प्रतापचा धंदाही मोठा विचित्र. एका पुरवठादार कंपनीत तो क्रॅश टेस्ट करायचा. गाडीत पुतळा बसवायचा, गाडी नेऊन भिंतीवर आपटायची आणि पुतळ्याच्या डोक्यातला सेन्सर काय म्हणतो ते वाचायचं. माणसाचं डोकं किती हिसका सोसतं आणि कुठे कच खातं, याचे आकडे त्याला तोंडपाठ होते. दुसऱ्या कुणा बापाला अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. याला नाही.

सबनीस कुटुंब २००१ साली इथे आलं तेव्हा अनिमेष चार वर्षांचा होता. किंडरगार्टनमध्ये कोर्बिनियान नावाचा एक दांडगट पोरगा त्याला भेटला, आणि त्याच्या नादानं हा स्केट घालून बर्फावर उतरला. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत ढकलत तासभर फिरला, चाळीसेक वेळा आपटला, आणि घरी जायची वेळ झाली तेव्हा रडला. तिथून पुढे सबनिसांच्या घरात शनिवार-रविवार असे उरलेच नाहीत. पहाटे सहाचा सराव, गाडीत ओल्या सामानाचा कुबट वास, आणि पालकांची आळीपाळीची ड्युटी. कुंदा जन्माची शाकाहारी, पण मुलासाठी हातमोज्यांवर हातमोजे चढवून तिनं बारा वर्षं स्टॉलवर लेबरकासचे, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या वडीचे, पाव विकले. वास येऊ नये म्हणून नाकाला व्हिक्स लावून उभी राहायची. गावातल्या बायका म्हणायच्या, बिचारीला कायम सर्दी असते.

पोरगा हुशार होता. हुशार म्हणजे कशात, तर लक्षात ठेवण्यात. एकदा ऐकलं की संपलं. कुंदा सामानाची यादी कधी कागदावर लिहायची नाही. याला सांगायची आणि दुकानात हा एकामागून एक वस्तू बोलून दाखवायचा. प्रतापला वाटायचं, हा टेक्निकल युनिव्हर्सिटीत जाणार, डॉक्टरेट करणार. पण दहावीनंतर अनिमेषनं युनिव्हर्सिटीकडे नेणारं गिम्नाझियम सोडलं, मेकाट्रॉनिकरचं आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात मशीन-दुरुस्तीचं शिक्षण, धरलं आणि बाकीचा सगळा जीव हॉकीत ओतला. प्रताप तीन महिने त्याच्याशी बोलला नाही. जेवताना "मीठ दे" हेसुद्धा कुंदामार्फत.

मग २०१६ च्या ऑक्टोबरात अनिमेष गावाच्या मोठ्या संघातून पहिल्यांदा खेळला. कुंदानं ओढत नेलं म्हणून प्रताप गेला. दोन हजार लोकांनी त्याच्या बापजाद्यांचं आडनाव गर्जून म्हटलं, आणि त्या क्षणी याचा ऊर असा भरून आला की त्याला टोपी काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यानं चुकवला नाही.

अनिमेष काही मोठा चमकणारा खेळाडू नव्हता. तो डिफेंडर. समोरचा पक, म्हणजे ती रबरी चकती, मारायला काठी उचलतो, तेव्हा त्याच्या वाटेत आडवं पडायचं, हे त्याचं काम. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो. अडवणाऱ्याला बर्फाची पिशवी मिळते. पण गावाला असा खेळाडू प्यारा असतो, कारण बाहेरून आणलेले कॅनेडियन आणि चेक दोन हंगामांनी निघून जातात आणि हा इथेच असतो. सकाळी कारखान्यात मशीन दुरुस्त करतो, संध्याकाळी सरावाला येतो, बेकरीत रांगेत उभा असतो. अंग ठणकत असलं तरी "कसा आहेस?" विचारल्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: "पास्ट शोन." चाललंय, ठीक आहे.

आता एका परीक्षेची गोष्ट.

दर ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येक खेळाडूला डॉक्टरकडे एक चाचणी द्यावी लागे. डॉक्टर पंधरा शब्द ऐकवणार, थोड्या वेळानं ते परत सांगायचे. कॉम्प्युटरवर खुणा जुळवायच्या, बटण दाबायचं. डोकं धड असताना तुम्हाला किती मार्क पडतात याची ती नोंद. पुढे डोक्याला मार बसला की हीच चाचणी पुन्हा, आणि मार्क जुन्या नोंदीइतके आल्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवायचं नाही. चांगली, शहाणी पद्धत आहे.

खेळाडूंनी तिच्यावर उपाय शोधला होता. ऑगस्टमध्ये मुद्दाम वाईट मार्क पाडायचे, म्हणजे डोकं आपटल्यावरही तेवढे पडतातच. त्याच्याच संघात खेळणाऱ्या कोर्बिनियाननं हे अनिमेषला सांगितलं होतं. पण सबनिसांच्या घरात परीक्षा वाईट देणं हे कुणाला जमणार? पहिल्याच वर्षी यानं पंधरापैकी पंधरा सांगितले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. घरी प्रतापनं पेढे आणले असते, पण आल्टमोसमध्ये पेढे मिळत नाहीत म्हणून केक आणला.

त्या पंधरांनी घात केला, असं प्रताप पुढे म्हणायचा. २०१८ च्या नोव्हेंबरात अनिमेषला कन्कशन झालं, म्हणजे डोकं आपटून मेंदूला हादरा बसला. आठ दिवसांत तो खडखडीत बरा दिसायला लागला, पण चाचणीत अकराच्या वर जाईना. बाकीच्यांना अकरा पुरले असते; याला पंधरा हवे होते. नऊ आठवडे तो बाहेर बसला. नेमक्या त्याच आठवड्यांत वरच्या, दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या एका मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला येणार होता. तो आला, गॅलरीत बसलेला अनिमेष बघून परत गेला, आणि त्यानं दुसऱ्याला घेतलं.

प्रतापच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाच्या करिअरचं नुकसान झालं, आणि तेही कशानं, तर जास्त मार्कांनी! आयुष्यभर ज्या गोष्टीची पूजा केली तिनंच पाठीत वार केल्यासारखं त्याला वाटलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कुंदा पुण्याला गेली होती. चाचणीला पाच दिवस होते. प्रतापनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि अनिमेषला समोर बसवलं.

"फार कमी पाडून चालत नाही," तो म्हणाला. "मी वाचलंय. फार कमी पडले तर सिस्टीम लाल खूण दाखवते, की हा माणूस मुद्दाम करतोय. सात धोक्याचे. नऊ सेफ. आपल्याला नऊ पाहिजेत, आणि दरवेळी वेगवेगळे नऊ."

अनिमेष ओशाळून हसला. घरात तो जर्मनच बोलायचा. मराठी कळायचं सगळं. "बाबा, हे चीटिंग आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला.

"चीटिंग नाही रे," प्रताप म्हणाला. "कॅलिब्रेशन."

पाच संध्याकाळी ते दोघं टेबलाशी बसले. प्रताप शब्द वाचायचा: चमचा, पूल, घोडा, खिडकी. अनिमेष ऐकायचा. पंधराचे पंधरा त्याच्या डोक्यात लख्ख असायचे, आणि त्यांतले कोणते सहा गिळायचे हे शिकणं त्याला फार जड गेलं. पहिल्या दिवशी तो "नऊ" म्हणता म्हणता चौदा बोलून गेला. प्रताप ओरडला, "अरे, थांब की कुठेतरी!" मग दोघंही हसत सुटले. प्रतापनं प्रत्येक फेरीचे आकडे एक्सेलमध्ये लिहिले; इंजिनिअर माणूस, मोजलेलं टाकून देईल कसा! पाचव्या दिवशी नऊ, नऊ, आठ, नऊ असे सुरेख आकडे यायला लागले. तीन महिने न बोलणारा बाप आणि हा मुलगा यांच्यात इतकी जवळीक त्याआधी कधीच आली नव्हती, हे खरं आहे, आणि तेच फार वाईट आहे.

पुढची तीन वर्षं चाचणीत तेच आकडे आले. जुने डॉक्टर निवृत्त झाले, त्यांचं क्लिनिक बंद पडलं, पहिल्या वर्षांची नोंद त्याबरोबर गेली. नव्या डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर अनिमेष सबनीस हा बेताच्या स्मरणशक्तीचा, शांत, तरुण मेकाट्रॉनिकर होता. २०२१ मध्ये त्याला दुसरं कन्कशन झालं. सहा दिवसांत तो बर्फावर परतला. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं.

२०२३ चा जानेवारी आला. रविवारी, बावीस तारखेला, अनिमेषचा गावासाठी तीनशेवा सामना होता. तीनशे सामने भरले की आईवडिलांना बर्फावर बोलावतात, फुलं देतात आणि खेळाडूचं नाव प्रवेशद्वाराच्या फळीवर लागतं. फळीवर अकरा नावं होती. हूबर, माइयर, ष्टाडलर, पुन्हा हूबर. त्यांच्याखाली सबनीस! प्रतापचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पुण्यातल्या भावाला त्यानं लाइव्ह बघायची लिंक तीनदा पाठवली. कुंदानं पैठणी काढून ठेवली होती. वरून जाड कोट घालावाच लागणार, मग ती दिसणार किती, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही. शनिवारी बॉबलिंगेनला तिच्या मैत्रिणीकडे, ऊर्मिलाकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मुक्काम करून रविवारी दुपारी थेट स्टेडियमवर यायचं असं ठरवून ती गेली.

शुक्रवारी परगावच्या सामन्यात अनिमेषला पाठीमागून धक्का बसला आणि त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी चाचणी घेतली. नऊ. नेहमीचेच. "डोकं दुखतंय?" "नाही." "उजेडाचा त्रास?" "नाही. पास्ट शोन." त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून त्यांनी परवानगी दिली.

दुपारी तो आईबापांच्या घरी आला. प्रताप चहा करत होता.

"आई कधी येणार?" अनिमेषनं विचारलं.

"उद्या. बॉबलिंगेनला गेलीय ना."

अनिमेष चमचा काढायला गेला आणि खणांसमोर उभा राहिला. लहानपणापासून चमचे ज्या खणात असतात तो सोडून त्यानं बाकीचे तीन उघडले. मग वळून म्हणाला, "आई कुठाय? कधी येणार?"

प्रतापनं पुन्हा सांगितलं. चहा पिऊन होईपर्यंत अनिमेषनं तिसऱ्यांदा विचारलं, तेच, त्याच आवाजात.

प्रताप उठून बाथरूममध्ये गेला, दार लावलं आणि मोबाइलवर डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला. एक वाक्य पुरलं असतं. ते नऊ खरे नाहीत हो, त्याचे खरे पंधरा आहेत. नंबर पडद्यावर होता, अंगठा त्याच्यावर होता. मग त्याला फळी दिसली, फुलं दिसली, भाऊ दिसला. रविवारी एवढा एक खेळू दे, सोमवारी सांगू. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि फ्लश ओढला, म्हणजे बाहेर मुलाला वाटावं की बाप खरंच कामाला गेला होता.

रविवारी त्यांना बर्फावर बोलावलं. लाल गालिचा अंथरला होता. कुंदाची पैठणी कोटाखालून वीतभर दिसत होती आणि ती हसत होती. लोक गर्जले. प्रतापनं मुलाला मिठी मारली. मुलाचे डोळे प्रखर दिव्यांपुढे मिटत होते, हे त्यानं पाहिलं.

दुसऱ्या सत्रात एक साधी टक्कर झाली. फाऊलसुद्धा नव्हता. अनिमेष बसकण मारून खाली पडला, उठला, स्केट करत गेला आणि समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. स्टेडियम हसलं. समोरचे खेळाडूही हसले, कुणी त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. कुंदाही हसली. फक्त प्रताप हसला नाही. मग अनिमेषनं बाकावरच उलटी केली आणि तो आडवा झाला.

अनिमेषची कारकीर्द इथे संपली. तीनशे सामने, एकोणीस गोल. फळीवर नाव लागलं.

त्यानंतर वीस महिने तो आईबापांच्या घरात मागच्या खोलीत राहिला. खिडकीचं रोलाडन, ते बाहेरचं शटर, दिवसाही खाली. उजेड सोसत नाही, भांड्याचा आवाज सोसत नाही, दहा मिनिटांच्या वर वाचता येत नाही. मशीनचं काम गेलं. बेकरीत पाठवलं तर तो दारात उभा राहायचा, काय आणायचं होतं ते आठवत. कुंदा आता त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवते. कोर्बिनियान सुरुवातीला दर आठवड्याला यायचा, अंधारात खाली मान घालून बसायचा; पुढे महिन्यातून एकदा, मग दिवाळीला.

कुंदा मात्र एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. भाजी चिरताना, गाडीत, झोपताना. "अहो, शनिवारी तुम्ही घरी होतात. तो तेव्हा नीट होता ना हो?"

"नीट होता," प्रताप म्हणायचा.

"मी असते तर मला दिसलं असतं का?"

"काही दिसण्यासारखं नव्हतंच, कुंदा."

ती स्वतःलाच खात होती. हळदीकुंकवाला गेले, नटले, मुलाकडे पाठ केली, असं घोकत होती. प्रताप ते बघत होता आणि एका शब्दानं तिला मोकळं करता येईल हे त्याला माहीत होतं. तो शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हता.

शेवटी प्रकरण बेरुफ्सगेनोसेनशाफ्टकडे, म्हणजे कामावर इजा झालेल्यांच्या विम्याकडे गेलं; पगार घेऊन खेळणं हेही तिथे कामच धरतात. अनिमेषचं डोकं खेळातल्या मारानं अधू झालं, हे तिथे मान्य झालं तर उपचार चालू राहतील, पेन्शन बसेल. त्यासाठी म्युनिकमधल्या एका तज्ज्ञ बाईंकडे दिवसभराची तपासणी होती. सप्टेंबरात तिघं गेले. अनिमेष मागच्या सीटवर, गॉगल लावून, टोपी डोळ्यांवर ओढून.

चार तासांनी त्या बाईंनी आईबापांना आत बोलावलं. नियमात बसत नाही, म्हणाल्या, पण तुमच्यापासून लपवून काय करू. अनिमेष खुर्चीत बसला होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"याला त्रास होतोय, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे दुखापतीआधीच्या चार वर्षांच्या नोंदी आहेत. तेव्हा पंधरापैकी आठ-नऊ शब्द. आज नऊ. मी घट झाली असं कशाच्या आधारावर लिहू? कागदावर हा माणूस जसा होता तसाच आहे."

प्रतापनं मुलाकडे पाहिलं. एक वेडी आशा त्याच्या मनात आली. सवयीनं केलं असेल का यानं? नऊवर थांबायची इतकी सवय लावली होती! तो मराठीत, खालच्या आवाजात म्हणाला, "अनिमेष, आज मुद्दाम थांबलास का रे नऊवर?"

अनिमेषनं मान हलवली. "नाही, बाबा. मी सगळे सांगायला बघत होतो. तेवढेच आले."

"मुद्दाम म्हणजे?" कुंदानं विचारलं. "अहो, मुद्दाम म्हणजे काय?"

मग प्रतापला बोलावंच लागलं. त्या बाईंना कळावं म्हणून जर्मनमध्ये. ते आकडे खोटे आहेत. मी त्याला शिकवले. पाच दिवस, जेवणाच्या टेबलावर. माझ्याकडे फाइल आहे. त्यात पहिल्या फेरीचे पंधरा आहेत, दुसऱ्या फेरीचे पंधरा, नंतरचे चौदा. बाई लिहीत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" त्यानं सांगितलं. त्यांचं पेन क्षणभर थांबलं, आणि मग त्यांनी तेही लिहिलं. फाइल पाठवा, म्हणाल्या. विमावाले मानतील की नाही, मी सांगू शकत नाही. स्वतःच फसवणूक कबूल केलीत, त्यांचे वकील हेच धरून बसतील.

अर्ध्या तासानं, ऑटोबानवर, कुंदानं समोर बघत विचारलं, "आणि शनिवारी?"



मागून अनिमेषचा आवाज आला, टोपीखालून, थकलेला. जर्मनमध्येच. "आई, सोड ना. बाबाला काही माहीत नव्हतं. मी आलो आणि झोपलो. संध्याकाळपर्यंत झोपलो होतो."

तो झोपला नव्हता. तो खणांसमोर उभा होता. आता तो ते विसरला होता, की बापाला वाचवत होता, हे कळायला प्रतापजवळ काही साधन नव्हतं. आरशात नुसती टोपी दिसत होती. एवढं मात्र त्याला समजलं की गप्प बसलं तर यापुढे कुणी कधी विचारणार नाही. मुलानं वाट करून दिली होती. कुंदा जन्मभर स्वतःला खात राहिली असती, आणि तो तिच्या शेजारी बसून जेवला असता.

पुढच्या रास्टप्लात्झवर, रस्त्याकडेच्या थांब्यावर, त्यानं गाडी आत घेतली आणि एका ट्रकच्या मागे थांबवली.

"नाही, कुंदा," तो म्हणाला. "मला कळलं होतं. तू कधी येणार म्हणून त्यानं तीनदा विचारलं. तीनही वेळा मी सांगितलं आणि तीनही वेळा तो विसरला. मी डॉक्टरला फोन लावायला गेलो होतो. लावला नाही."

"का?"

वीस महिन्यांत त्यानं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"आपल्याला बर्फावर बोलावणार होते ना," तो म्हणाला.

कुंदानं पट्टा सोडला. ती उतरली, मागचं दार उघडून आत बसली आणि तिनं अनिमेषचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. तिनं पदर त्याच्या डोळ्यांवर ओढला आणि एक हात त्याच्या कानावर ठेवला.

"चला, घ्या गाडी," ती म्हणाली. "त्याला उजेड सोसत नाही."